पंजा आणि एक बोट

नऊच्या ठोक्याला कांता येलवे गुडघे वाकवून जारच्या उंचीला आली. लघवी मोजायची तर जार हातात उचलून वरून बघायचं नाही. तो सपाट स्टुलावर ठेवायचा आणि डोळा रेघेच्या समोर आणायचा, ही तिची सव्वीस वर्षांची शिस्त. रेघ एकशे नव्वदवर होती.

"अडीचशे," ती मोठ्याने म्हणाली.

पलंगावरच्या दीपकने मास्कमधूनच सुस्कारा सोडला. "आठला दोनशे ऐंशी होती ना मावशी? कमी होतेय."

"मग काय दर तासाला सेंच्युरीवर सेंच्युरी ठोकणार ती? नवीन सून पहिल्या दिवशी जेवढं राबते तेवढं वर्षभर राबते काय? टेकू दे तिला जरा. गप पड मेल्या."

दीपक हसला आणि मोबाईल घेऊन टाईप करू लागला. हे चाललेलं असताना कांताने त्याच्याकडे पाठ करून उजवा हात खोलीच्या काचेला लावला. एक मूठ, एक पंजा, चार बोटं. काचेपलीकडे काउंटरवर बसलेल्या सिस्टरने मान हलवली आणि चार्टवर लिहिलं.

परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात किडनी बदललेल्या पेशंटसाठी अशा दोन काचेच्या खोल्या होत्या. नवी किडनी शरीराने परकी म्हणून हाकलू नये यासाठी औषधं देऊन पेशंटची ताकद मुद्दाम उतरवलेली असते, त्यामुळे आत जाणाऱ्याने गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे असा सगळा साज चढवायचा आणि एकदा आत गेलं की बाराच्या सुट्टीपर्यंत बाहेर पडायचं नाही. बाहेर सिस्टर, आत मावशी, मध्ये जाड काच. काचेला सामान द्यायची छोटी खिडकी आणि आवाजाला एक स्पीकर. दर तासाला मावशीने मोजायचं, सिस्टरने लिहायचं, आणि जेवढी लघवी झाली तेवढंच सलाईन पुढच्या तासात शिरेतून जाईल असा पंप लावायचा. कोविडपासून ते पंपही काचेबाहेर ठेवायची पद्धत पडली होती.

दोन आकड्यांची पद्धत मात्र कांताची स्वतःची. बारा वर्षांपूर्वी वडाळ्याचे एक मास्तर याच खोलीत होते. त्यांचा आकडा चारशेवरून दीडशेवर आला. येतोच तो, पहिला पूर ओसरल्यावर. पण मास्तरांनी असा धसका घेतला, की प्रेशर दोनशेला भिडलं आणि टाक्यांतून रक्त झिरपायला लागलं. तेव्हापासून कांता पेशंटला ऐकू जाईल असा आकडा थोडा चढवून बोलायची आणि खरा काचेवर हाताने दाखवायची. मूठ म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पन्नास, बोट म्हणजे दहा. ही भाषा तिची आणि मृणालिनी सिस्टरची. सिस्टर बोटं बघून लिहायची आणि कानावर पडलेल्या आकड्याकडे लक्षच द्यायची नाही. बारा वर्षांत कधी घोळ झाला नाही, म्हणून डॉक्टर लोकांना कुणी सांगितलंही नाही.

घोडपदेवच्या चाळीत ती गोष्ट गाजलेली होती. तिचा नवरा बुधाजी गोदीतून रिटायर झालेला, दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टोप्या उडवणारा माणूस. "आमची बाय तहसीलदार आहे," तो सांगायचा, "पण जमिनीची नाय, मुताची." लेक संघमित्रा शाळेत शिकवते. तिला मात्र हे पटायचं नाही. "आई, विहारात हात जोडून खोटं न बोलण्याचं शील घेतेस आणि सकाळी ड्युटीवर जाऊन तासातासाला खोटं बोलतेस."

"ते वेगळं," कांता म्हणायची. "ते आपल्या फायद्याचं खोटं. हे औषध आहे."

त्या बुधवारी मृणालिनी सिस्टर रजेवर होती. भाचीचं लग्न होतं साताऱ्याला. काउंटरवर स्पृहा सिस्टर होती, नोकरीला लागून सहा आठवडे झालेली, कामाला चोख, अक्षर मोत्यासारखं. मृणालिनी सिस्टरने जाताना हिला सगळं समजावलं असणार, असं कांता धरून चालली.

दहाला जारमध्ये एकशे दहा भरली.

"दोनशे," कांता म्हणाली. काचेवर मूठ आणि एक बोट.

उतार जरा जोरातच होता. पण ऑपरेशनला दुसरा दिवस चालू होता आणि सून टेकते म्हणतात ती अशीच, असं तिने स्वतःलाच समजावलं. दीपकने आकडा लगेच मोबाईलवर पाठवला. त्याची मोठी बहीण राधा याच मजल्यावर टोकाच्या खोलीत होती. लालबागला तिचं पोळी-भाजी केंद्र. नवरा, सासू, दीर सगळ्यांशी भांडून तिने आपली डावी किडनी भावाला दिली होती. दीपकने तिचं उत्तर वाचून दाखवलं. "लिहितेय, माझी किडनी आहे ती, पहाटे चारला उठून कणीक मळणारी. तिला बसायची सवय नाही."

"खरंय तिचं," कांता म्हणाली. तिची नजर मात्र त्याच्या तोंडावर होती. डोळ्यांखाली सूज आली होती. सकाळी नव्हती.

"दुखतंय काय रे कुठे?"

"इथे खाली, उजवीकडे. ताण बसल्यासारखं." नवी किडनी तिथेच बसवलेली असते, ओटीपोटात उजव्या अंगाला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसांना जोडून. कांताने पट्टीच्या बाजूला अलगद हात ठेवला. पोट भाकरीच्या पिठासारखं लागायला हवं होतं, ते घट्ट लागलं.

अकराला तिने लघवीच्या बॅगेचा नळ उघडला आणि धार सुरू होता होता संपली. ती जारपाशी वाकली. साठ.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला जरा लांबून आल्यासारखा वाटला.

काचेवर तिने पंजा आणि एक बोट दाखवलं. मग पुन्हा दाखवलं आणि नखाने काच दोनदा वाजवली, म्हणजे सिस्टरला कळावं की हे साधं नाही. स्पृहाने वर बघितलं, मान हलवली आणि फोन उचलला. कांताचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरला कळवतेय पोरगी. दहा मिनिटांनी काचेतली खिडकी सरकली आणि आत हातमोज्यांच्या सहा जोड्या आल्या. डॉक्टर तपासायला येणार म्हणून आधीच पाठवले असतील, असं तिला वाटलं. तिने ते नीट रचून ठेवले.

साडेअकरा झाले, डॉक्टर नाही. दीपक उशीवर उंच सरकून बसला होता, श्वास आखूड झाला होता. कांताला सरळ विचारता येईना, त्याचे कान तिच्याकडेच होते.

"सिस्टर, डॉक्टर येतायत ना?" तिने स्पीकरमध्ये सहज विचारल्यासारखं केलं.

"हो मावशी. दोनच्या राऊंडला."

दोनला. म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, अडकले असतील, फोनवर काहीतरी सांगितलं असेल. पण काय सांगितलं? अशा वेळी लगेच एक इंजेक्शन देतात, निदान पोटाची सोनोग्राफी तरी करतात. कुणी हललंच नव्हतं. कांता स्टुलावर बसून बॅगेच्या नळीकडे बघत राहिली. नळीत एक थेंब जमायचा, लोंबायचा, आणि पडायला इतका वेळ घ्यायचा, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

बाराला पंचवीस.

"किती मावशी?" दीपक मोबाईल हातात धरून होता. "ताई विचारतेय."

बारा वर्षांत पहिल्यांदा कांताच्या तोंडून आकडा निघाला नाही. "येते जरा बाहेर जाऊन," ती म्हणाली, आणि गाऊनच्या नाड्या सोडता सोडताच दाराबाहेर पडली.

बाहेर आल्यावर आधी तिला पंप दिसला. लाल अक्षरात एकशे ऐंशी. साठ झाली होती आणि सलाईन एकशे ऐंशीने चाललं होतं. तिने स्पृहाच्या कोपराखालचा चार्ट ओढला. नऊ वाजता अडीचशे. दहा वाजता दोनशे. अकरा वाजता एकशे ऐंशी. मोत्यासारखं अक्षर. तिचं प्रत्येक खोटं शाईने लिहिलेलं होतं.

"हे काय लिहिलंस गं?"

"तुम्ही सांगितलंत तेच." स्पृहा उठून उभी राहिली. "काय झालं मावशी?"

"मी हाताने काय दाखवत होते मग?"

"हातमोजे ना? पाच आणि एक, सहा जोड्या. दोनदा दाखवलंत, काच वाजवलीत, म्हणून मी लगेच स्टोअरला फोन केला. आधीची मूठ बघून वाटलं, सगळं ठीक म्हणताय."

"मृणालिनीने काही सांगितलं नाही तुला?"

"कशाबद्दल?"

कांताने पंपावरचा आकडा पुन्हा बघितला. तिने काउंटरची कड धरली. ती धरून चालली होती ती एवढी एकच गोष्ट. "डॉक्टरला बोलव," ती म्हणाली. "पंचवीस झालीय सांग. आत्ता. आणि तो पंप कमी कर आधी."

डॉक्टर शंतनु चार मिनिटांत जिना चढून आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, शिवाजी पार्कचा मुलगा, बोलणं स्वच्छ आणि पायात कायम धावायचे बूट. त्याने चार्टवरून बोट फिरवलं.

"एकशे ऐंशी, आणि लगेच पंचवीस? तासाभरात?" त्याचा चेहरा थोडा मोकळा झाला. "मग कॅथेटर ब्लॉक झालाय. रक्ताची गुठळी अडकली असेल नळीत, दुसऱ्या दिवशी होतं असं. किडनीला काही झालं असतं तर अशी एकदम बंद झाली नसती बहुधा. सिस्टर, सलाईनने नळी फ्लश करा. अर्धा-पाऊण तास बघू."

स्पृहाने कांताकडे बघितलं. ती अजून प्रोबेशनवर होती, आणि ते सगळं तिच्या डोळ्यांत उतरलं होतं. कांतालाही क्षणभर तो अर्धा तास हवाहवासा वाटला. नळीच अडकली असेल. असतेच कधी कधी. नळी मोकळी होईल, लघवी धो धो येईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. पण घट्ट पोटावर ठेवलेला तिचा तो हात तिला आठवला. नळी अडकते तेव्हा तासातासाला पायरी पायरी उतरत नाही ती.

"डॉक्टर, एकदम नाही झाली," ती म्हणाली. "नऊला एकशे नव्वद होती. दहाला एकशे दहा. अकराला साठ. चार्टवर आहे ते मी बोललेलं आहे. झालेलं नाही."

"म्हणजे काय?"

"मी पेशंटला चढवून सांगते. घाबरू नये म्हणून. खरा आकडा हाताने दाखवते काचेवर. हिला ते माहीत नव्हतं. हिची चूक नाही."

शंतनु तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. "तीन तास," एवढंच म्हणाला आणि फोन कानाला लावला. "मॅडम, दोन नंबरचा पेशंट. आऊटपुट नऊपासून उतरतंय. नाही, चार्ट चुकीचा आहे. हो, खात्री आहे. जिने मोजली ती माझ्यासमोर उभी आहे."

वैदेही मॅडम रक्तवाहिन्यांच्या सर्जन. बांधा एवढासा, पण त्या मजल्यावर आल्या की वॉर्डबॉय खिशातले हात काढायचे. सोनोग्राफीचं मशीन आधीच खोलीत ढकललं होतं. कांता पुन्हा गाऊन घालून आत आली, दीपकचा पाय सरळ धरायला. असे पडदे तिने शेकड्याने बघितले होते. चांगली किडनी असली, की निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखे लाल-निळे ठिपके कडेपर्यंत फुलतात. आज मध्येच एक लाल रेघ लुकलुकत होती, कडेला काळोख.

"रक्त जातंय," मॅडम म्हणाल्या. "पण अगदी बारीक धार. आणि हे बघ शंतनु, खाली साठलंय. त्याने किडनी ढकलली गेली आणि धमनी दुमडली. ओटी रिकामी करायला सांग. आत्ता."

"आत्ताच?" दीपकने विचारलं.

"आत्ताच. बागेतल्या रबरी नळीला पीळ पडला तर पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसं झालंय. पीळ काढायचा आहे. उशीर केला तर काढून उपयोग नाही."

दीपकने उशीवर कागद टेकवून सही केली. मॅडम बाहेर गेल्यावर त्याने कांताकडे मान वळवली. "मावशी, अकराला एकशे ऐंशी होती ना?"

"साठ होती."

त्याने मोबाईल उचलून अकराचा मेसेज उघडला. मग म्हणाला, "मी ताईला एकशे ऐंशी कळवलं."

"मी सांगते तिला."

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

ट्रॉली निघाली ती राधाच्या दारावरूनच जायची होती. राधा दारात उभी होती, कुशीतल्या टाक्यांवर उशी दाबून धरलेली, केस विस्कटलेले. तिने ट्रॉली बघितली, वर लटकणाऱ्या बाटल्या बघितल्या. "कुठे नेताय त्याला? ए दीपू." कांताला थांबता येईना. ती ट्रॉली ढकलत राहिली, आणि मागून राधाची चप्पल फरशीवर घासत येताना ऐकू येत राहिली, लिफ्टच्या दारापर्यंत.

ओटीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. राधाला बसवत नव्हतं, पण ती खोलीत जायला तयार नव्हती. कांताने तिला सगळं सांगितलं. मास्तरांपासून नाही, नऊ वाजल्यापासून. कारण काय होतं ते तिने सांगितलंच नाही. सांगायला लागली असती तर ते सफाई दिल्यासारखं झालं असतं.

राधाने ऐकून घेतलं. तिच्या कपाळावरची शीर उडत होती.

"माझ्या केंद्रात पोळी कच्ची गेली तर मी परत घेते," ती हळू म्हणाली. "गिऱ्हाईकाला दुसरी भाजून देते. हे तुम्ही परत कसं घेणार?"

कांताने ओटीच्या दाराकडे बघितलं.

"दुसरी आहे माझ्याकडे अजून एक. ती काढून देऊ? तेवढं सांगा ना. तुम्ही सव्वीस वर्षं आहात इथे."

"तसं करत नाहीत ताई."

"मला ताई म्हणू नका."

ओटीचं दार उघडलं आणि विकासमामा बाहेर आला, हिरवी टोपी, कपाळावर घाम. तिथल्या सामानाची ने-आण करणारा जुना माणूस. "कांता, खालून रक्ताच्या दोन पिशव्या आण, पळ. चिठ्ठी घे."

"आत कसं आहे?"

"पोट उघडलं तर मुठीएवढा गोळा निघाला रक्ताचा. आता नस बांधून ठेवलीय, किडनीवर बर्फाचा लगदा घातलाय. मॅडम कुणाशी बोलत नायत. पळ तू."

ती पळाली. बावन्न वर्षांची बाई, गुडघ्यात वात, चार मजले जिन्याने उतरली, कारण लिफ्ट सहाव्यावर अडकली होती. रक्तपेढीतल्या माणसाने चिठ्ठी तपासली, नंबर जुळवला, पुन्हा जुळवला. तो नियमाने वागत होता आणि तिला त्याचं मनगट पिरगळावंसं वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं, की तिने दाखवलेला नंबरही कुणीतरी असाच पुन्हा विचारून घ्यायला हवा होता. तिने त्याला पूर्ण जुळवू दिलं. पिशव्या छातीशी धरून वर आली, दारातून आत दिल्या. एक थेंब कुठे सांडला नाही. बाकावर राधा डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती. तिचा अंगठा उशीच्या शिवणीवरून पुढेमागे फिरत होता.

पावणेचारला वैदेही मॅडम बाहेर आल्या. टोपी काढली तर केस चापून चोपून डोक्याला चिकटलेले.

"बसा तुम्ही," त्या राधाला म्हणाल्या, आणि स्वतः तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "धमनी जोडताना जरा लांब राहिली होती. एरवी त्याने बिघडत नाही. पण आत रक्त साठलं, किडनी सरकली, आणि ती लांबी दुमडली. दुमडलेला दीड सेंटीमीटर कापून टाकला आणि टोक मोठ्या नसेला पुन्हा शिवलं. केसाहून बारीक धाग्याने. रक्त थांबवून ठेवलं ते बत्तीस मिनिटं."

"चालू झाली?"

"रक्त सोडल्यावर गुलाबी झाली. पण सगळीकडे एकदम नाही. खालचं टोक बराच वेळ निळसर होतं."

"म्हणजे चालेल की नाही?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "उपाशी राहिलेली आहे ती. थोडे दिवस झोपेल. उठेल असं मला वाटतं. वाटतं, एवढंच."

मग त्या उठल्या आणि कांताकडे वळल्या. "शंतनु अर्धा तास नळी धूत बसला असता तर मी आत गेलेच नसते. जाण्यासारखं काही उरलं नसतं. तुम्ही बोललात म्हणून गेले. आणि बारा वर्षं तुम्ही जे करत होतात त्यामुळे तीन तास वाया गेले. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिणार आहे."

"लिहा," कांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या ऑफिसात तिचा जबाब झाला. तिने तो स्वतःच्या हाताने लिहून दिला, दीड पान. मृणालिनी सिस्टरला साताऱ्याहून बोलावून घेतलं, तिलाही लिहून द्यावं लागलं. चौकशी होईपर्यंत कांताची बदली तळमजल्यावर, एक्स-रेच्या दारात. नाव पुकारायचं, पेशंटला आत सोडायचं, दागिने काढून ठेवा म्हणायचं. चौथा मजला बंद. रिटायर व्हायला तिला सहा वर्षं होती, आणि ती तिथेच जातील असं सगळे धरून चालले.

बुधाजीने पहिल्या रात्री तिच्यासमोर ताट ठेवलं आणि एकही टोमणा मारला नाही. तेव्हा तिला कळलं, की चाळीत बातमी पोचलीय. संघमित्राने आईच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, एवढंच.

रोज दुपारी विकासमामा एक्स-रेच्या दारात चहाचा ग्लास घेऊन यायचा.

"आज?"

"चाळीस. अख्ख्या दिवसाची."

"आज?"

"पन्नास. डायलिसिसला घेतलाय परत."

चाळीस ही तासाची असते. दिवसाची चाळीस म्हणजे काहीच नाही. कांता चहा हातात धरून उभी राहायची आणि तो तसाच गार व्हायचा. एकदा विकासमामा म्हणाला, "आज शंभर दीडशे झाली असेल बघ," आणि ती त्याच्यावर अशी खेकसली, की रांगेतला पेशंट मागे सरकला. "झाली असेल म्हणजे काय मामा? मोजली काय तू?"

आठव्या दिवशी सकाळी सव्वानऊला एक्स-रेच्या दारात राधा उभी राहिली. तिला घरी सोडून तीन दिवस झाले होते. गाऊनच्या जागी पंजाबी ड्रेस, एका कुशीला अजून किंचित वाकलेली. कांता स्टुलावरून उठली. राधाने बसायची खूण केली नाही आणि स्वतःही बसली नाही.

"मी रोज सकाळी सातला येते," ती म्हणाली. "दीरांना बसवलंय केंद्रात, भाजी खारट करतायत, करू देत. वर काचेसमोर उभी राहते. तुमच्या जागी आता स्पृहा आत असते, तिला सांगितलंय, जार काचेला लाव, मला बोलून सांगू नकोस, मी बघणार. पहिल्या दिवशी चिडली. आता लावते."

"बरं करता."

"काल दिवसभराची तीनशे झाली." राधा थांबली. "आज सातला चाळीस. आठला पंच्याहत्तर. नऊला एकशे दहा. तासाची म्हणतेय मी, दिवसाची नाही."

कांताने मागे भिंतीला हात टेकला. "तासाची," ती म्हणाली.

"तासाची. डॉक्टर शंतनु म्हणाला, उठतेय. मॅडम अजून काही म्हणत नाहीत. त्या म्हणेपर्यंत मी हसणार नाही." राधाने दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुमच्यावर माझा राग आहे. तो जाईल की नाही सांगता येत नाही. पण दीपू रोज विचारतो, मावशीला कळवलं काय. आज मी म्हटलं, सांगून येते."

"दहाला बघितलंत की..." कांताने जिन्याकडे बघितलं.

"येईन सांगायला."

राधा जिन्याने वर गेली, कठड्याला धरत. कांताने नावं पुकारली. एक म्हातारे गृहस्थ आत सोडले, एका मुलीच्या गळ्यातली साखळी तिच्या आईच्या हातात दिली. घड्याळात दहा वाजून गेले. दहा वाजून बारा मिनिटांनी जिन्यावर चप्पल घासल्याचा आवाज आला. राधाचा चेहरा पांढरा पडला होता.

"पंच्याण्णव," ती म्हणाली. "कमी झाली. का हो? एकशे दहा होती, पंच्याण्णव कशी झाली?"

नेहमीचं वाक्य कांताच्या जिभेवर आलं होतं. सून टेकते, काही नाही होत, घाबरू नका. समोरच्या बाईच्या डोळ्यांत तेच ऐकायची आस होती, आणि ते म्हणायला काहीच जात नव्हतं.

"कमी झालीय, बरोबर," ती म्हणाली. "पंधराने. एका तासावरून मला कळत नाही. रंग कसा होता?"

"फिका. पाण्यासारखा."

"काल?"

"काल चहासारखा होता."

"पोट बघितलं काय कुणी? मऊ आहे?"

"स्पृहाने हात लावून बघितलं मघाशी. मऊ आहे म्हणाली."

"मग अकराला बघा. अकराला आणखी खाली गेली तर दोनच्या राऊंडची वाट बघू नका, सरळ मॅडमना फोन करायला लावा. नाही ऐकलं तर आरडाओरडा करा. माझं नाव सांगा हवं तर, त्या बाईने सांगितलंय म्हणून."

राधा मान हलवून उभी राहिली. मग प्रथमच बाकावर टेकली, पुढचा अर्धा तास तिथेच, कुशीला हात लावून. पावणेअकराला ती उठली आणि वर गेली. कांताने पुढचं नाव पुकारायला कागद उचलला आणि तो तसाच हातात धरून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, मावशी पुढचा कोण, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून राधाचं डोकं पुढे आलं. खाली यायला तिला दम नव्हता. तिने वरूनच आवाज दिला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा.

"एकशे पस्तीस. मी बघितली. स्वतः बघितली."

कांताने मान वर केली. "रेघेच्या समोर डोळा आणून बघितली?"

"वाकून बघितली," राधा वरून म्हणाली.